फायटर माशासाठी सोबत्यांसह छोटी टाकी: जागा निवडण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

आपल्याकडे ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा बेट्टा हा मूळचा थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातला मासा आहे. भाताची खाचरे, दलदलीच्या जागा, गवताने भरलेले संथ ओढे हे त्याचे घर. १९१० साली चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव दिले आणि २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. उथळ, कोमट आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तगून राहण्यासाठी त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. याच एका गुणामुळे तो दुकानांत मुठीएवढ्या बरणीत ठेवला जातो आणि ग्राहकाचीही अशी समजूत होते की त्याला पाणी थोडेसे असले तरी चालते. त्याचा श्वास हवेतून चालत असला, तरी त्याची कातडी, पर आणि कल्ले त्याच पाण्यात असतात आणि साचलेल्या मलमूत्रातील अमोनिया त्यांना जाळतो.

दुसरी समजूत अशी की फायटर दुसऱ्या कोणत्याही माशाला जिवंत सोडत नाही. खाचरात दोन नर समोरासमोर आले तर कल्ल्यांची झाकणे फुगवतात, झटापट होते आणि हरणारा गवतात पळून जातो. काचेच्या पेटीत हरणाऱ्याला पळायला जागा नसते, म्हणून तिथे भांडण जिवावर बेतते. सोबत्यांसह टाकी मांडायची म्हणजे मुख्यतः ही पळण्याची, लपण्याची आणि एकमेकांच्या नजरेआड होण्याची सोय करायची. पुढील सर्व पायऱ्या याच विचाराने लिहिल्या आहेत.

टाकी आणि तिची जागा

एकट्या फायटरसाठी २० लिटर पाणी पुरेसे आहे. सोबती ठेवायचे असतील तर दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तिची क्षमता सुमारे ५६ लिटर असते, आणि वाळू, लाकूड व वर सोडायची मोकळी जागा वजा केल्यावर तिच्यात प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. दीड फुटी टाकी स्वस्त पडते, पण फायटरने एका टोकाला ठाण मांडले तर इतरांना मोकळे टोक असे उरतच नाही. उंच आणि अरुंद टाक्या शोभिवंत दिसतात, परंतु तळ कमी आणि पृष्ठभागापर्यंतचे अंतर जास्त, अशी दोन्ही बाजूंनी गैरसोय त्यांत होते.

भरलेल्या टाकीचे वजन ६५ ते ७० किलो होते, त्यामुळे टीपॉय किंवा प्लायवूडची सुटी फळी चालणार नाही. काचेचा तळ सपाट टेकणारा असेल तर खाली थर्मोकोलचा जाड तुकडा घालावा. टाकी आणल्यावर ती गॅलरीत एक दिवस पाण्याने भरून ठेवावी आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच घरात मांडावी. खिडकीतून थेट ऊन येईल अशी जागा टाळावी, कारण तिथे पाणी तापते आणि शेवाळ वाढते.

डासांसाठी लावली जाणारी कॉइल, मॅट, लिक्विड रिफिल आणि फवारे यांच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची रसायने मासे आणि कोळंबी यांच्यासाठी अत्यंत विषारी असतात. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि फायटर तर ती हवा प्रत्यक्ष श्वासात घेतो. ज्या खोलीत टाकी आहे तिथे ही साधने वापरू नयेत. मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

साहित्य

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्यावा. त्याचा प्रवाह सौम्य असतो, लहान मासा त्यात ओढला जात नाही आणि स्पंजाच्या छिद्रांत उपयुक्त जिवाणूंना भरपूर जागा मिळते. लांब परांच्या फायटरला जोराचा प्रवाह सोसवत नाही. तो थकून कोपऱ्यात पडून राहतो आणि आपल्याला मात्र तो आजारी वाटतो. पंप शक्यतो पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवावा आणि नळीत पाणी उलटे येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा, म्हणजे वीज गेल्यावर पाणी पंपात शिरणार नाही. विजेच्या सर्व तारा प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्याव्यात, जेणेकरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

पाण्याचे तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस असावे. पुणे, नाशिक, नागपूर येथील हिवाळी रात्रींसाठी थर्मोस्टॅट असलेला ५० वॅटचा हीटर आवश्यक आहे. किनारपट्टीवर तो फार वेळ चालू राहणार नाही, तरीही दिवसरात्रीतील चढउतार सांभाळण्यासाठी असलेला बरा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. तेव्हा झाकणाऐवजी बारीक जाळी बसवून पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते आणि उडालेल्या पाण्याची भर रोज घालता येते. जाळी काढून टाकी उघडी मात्र ठेवू नये, कारण फायटर उत्तम उड्या मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, म्हणजे वर आलेल्या माशाला पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवा मिळते.

तळाला टोकदार खडी न घालता बारीक, गोलसर कणांची नदीची वाळू तीन ते चार सेंटिमीटर जाडीची पसरावी. सुमारे दहा किलो वाळू लागते आणि ती पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी लागते. कोकणातील वाचकांनी समुद्राची वाळू वापरू नये. तिच्यातील शिंपल्यांचा चुरा पाण्याचा कठीणपणा वाढवत राहतो. शंका असल्यास मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे आणि बुडबुडे आले तर ती वाळू बाजूला ठेवावी.

मांडणी

मागच्या काचेलगत आणि दोन्ही टोकांना दाट झाडी, मध्ये ड्रिफ्टवूडचा एक मोठा तुकडा आणि पुढे तळाशी मोकळी वाळू, अशी रचना मला सर्वांत उपयोगी वाटते. लाकूड असे ठेवावे की एका टोकाच्या माशाला दुसरे टोक थेट दिसणार नाही. टाकी मांडून झाल्यावर माशाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून एका कडेच्या काचेतून पाहावे. पलीकडची काच सरळ दिसत असेल तर मांडणी अपुरी आहे असे समजावे.

अनुबियास आणि जावा फर्न या वनस्पतींना फारसा प्रकाश लागत नाही. त्यांचे खोड वाळूत न पुरता लाकडाला दोऱ्याने बांधावे, नाहीतर ते कुजते. अनुबियासचे एखादे रुंद पान पृष्ठभागाच्या थोडेसेच खाली येईल असे ठेवल्यास फायटर त्यावर विसावतो. वर तरंगणाऱ्या वनस्पतींनी सुमारे एक तृतीयांश पृष्ठभाग झाकावा. नर त्यांच्या आधाराने बुडबुड्यांचे घरटे बांधतो. गावच्या तळ्यातून वनस्पती उचलून आणू नयेत, कारण त्यांच्यासोबत जळवा आणि चतुरांच्या भक्षक अळ्या येतात. मनीप्लांटची फांदी मात्र, पाने बाहेर आणि मुळे पाण्यात राहतील अशी टाकीच्या कडेला अडकवावी. ती नायट्रेट शोषून घेते आणि मुळांच्या जाळीत लहान माशांना आसरा मिळतो.

टाकीत घालायच्या प्रत्येक वस्तूवरून जुनी नायलॉनची ओढणी फिरवून पाहावी. जिथे ती अडकते तिथे फायटरचा पर फाटणार हे नक्की. या कसोटीवर प्लॅस्टिकची बहुतेक झाडे नापास होतात.

पाणी

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या तलावांतून येणारे पाणी मृदू असते, तर दख्खनच्या बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण आणि किंचित अल्कधर्मी असते. पैदाशीत वाढलेला फायटर ६.५ ते ८ पीएचपर्यंत (पीएच म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप) जुळवून घेतो, म्हणून पीएच बदलणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नये. पाणी फारच कठीण असेल तर त्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओचे पाणी वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन २४ तास उघड्या बादलीत पाणी ठेवल्यास बहुतांशी उडून जाते. तरी पावसाळ्यात, किंवा सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्यानंतरच्या दिवसांत, दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन पाण्याच्या मापाप्रमाणे वापरावेच.

देशी बदामाची, म्हणजे रस्त्याकडेला सर्वत्र दिसणाऱ्या पसरट फांद्यांच्या झाडाची, आपोआप गळून वाळलेली तांबूस पाने फायटरसाठी उत्तम. त्यांतील टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा रंग येतो, पीएच किंचित उतरतो आणि पाणी त्याच्या मूळ अधिवासासारखे होते. फवारणी न झालेल्या झाडाखालची दोन पाने धुऊन टाकीत सोडावीत आणि विरायला लागली की बदलावीत.

टाकी ‘सायकल’ करणे

माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. एका गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत. नायट्रेट बरेच सौम्य असून ते पाणी बदलून काढता येते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात आणि त्यांची वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. ही वसाहत उभी करणे म्हणजेच टाकी ‘सायकल’ करणे. मासे आणून ‘काही दिवसांत मेले’ अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचे कारण हेच आहे. मीही पहिल्या टाकीत घाईने सहा मासे सोडले आणि दहा दिवसांत चार गमावले.

जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड वापरावे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच रसायन, परंतु बाजारातील खड्यांत भेसळ असू शकते म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध पूड घ्यावी. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम पूड विरघळवून बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती मुलांपासून दूर ठेवावी. या द्रावणाचे ३० मिलिलिटर ४५ लिटर पाण्यात घातल्यास अमोनियाचे प्रमाण सुमारे २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होते. फिल्टर आणि हीटर चालू ठेवावा आणि थेंबांच्या तपासणी किटने दर दोन-तीन दिवसांनी मोजणी करून वहीत नोंदवावी. सुरुवातीला केवळ अमोनिया दिसेल, नंतर तो उतरून नायट्राइट चढेल आणि शेवटी नायट्राइटही उतरेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात, त्या दिवशी टाकी तयार झाली. मग साठलेले नायट्रेट काढण्यासाठी तीन चतुर्थांश पाणी बदलावे.

ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरला बांधावा; प्रतीक्षा निम्म्यावर येऊ शकते. या काळात वनस्पतीही मूळ धरतात, त्यामुळे हे आठवडे वाया जात नाहीत.

सोबती कोण आणि कोण नाही

चांगला सोबती शक्यतो तळाशी राहतो, त्याचे पर लहान असतात, तो फारसा रंगीत नसतो आणि दुसऱ्याच्या परांना तोंड लावत नाही. या कसोटीवर माझी पहिली पसंती कुली लोच या सर्पाकृती माशाला आहे. तो सुमारे १० सेंटिमीटर वाढतो, दिवसा लाकडाखाली लपतो, रात्री वाळू चाळतो आणि फायटरच्या वाटेलाही जात नाही. किमान पाच एकत्र घ्यावेत, कारण एकटा लोच भेदरून बसतो.

दुसरा पर्याय पिग्मी कोरीडोरसचा. हे अडीच-तीन सेंटिमीटरचे मासे सहा ते आठच्या थव्याने ठेवावेत. तेही मधूनच झपकन वर येऊन हवा घेतात. फायटर सुरुवातीला त्यामुळे दचकतो, मग त्याला सवय होते. दुकानांत सर्रास मिळणारे ब्राँझ किंवा अल्बिनो कोरीडोरस सहा-सात सेंटिमीटर होतात आणि दोन फुटी टाकीत त्यांचा थवा दाटीचा होतो. लोच आणि कोरीडोरस यांपैकी एकच गट निवडावा.

मधल्या थरासाठी आठ एम्बर टेट्रा किंवा सहा हार्लेक्विन रासबोरा ठेवता येतात, परंतु आधी तळाच्या सोबत्यांसह दोन महिने नीट गेले असतील तरच. काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी एक-दोन नेराइट गोगलगाई उत्तम, कारण त्यांची अंडी गोड्या पाण्यात पुढे वाढत नाहीत आणि टाकी गोगलगाईंनी भरून जात नाही. मृदू पाण्यात मात्र त्यांचे कवच झिजते. मुंबईतील वाचकांनी धुतलेल्या शिंपल्याचा एक छोटा तुकडा टाकीत ठेवावा. चेरी कोळंबी ठेवल्यास काही पिल्ले फायटरच्या पोटात जाणारच, हे मान्य करून ठेवावी.

आता टाळण्याचे मासे. डास आवरण्यासाठी आरोग्य विभाग पाण्यात सोडतो ते गप्पी मासे अनेकांना सहज मिळतात आणि तेच फायटरसोबत सोडले जातात. नर गप्पीची रंगीत, पसरट शेपटी पाहून फायटर त्याला प्रतिस्पर्धी समजतो. शिवाय गप्पी महिन्या-महिन्याला विणतात आणि छोटी टाकी पाहता पाहता भरते. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा फायटरचे पर कुरतडतात. गुरामी त्याचा नातलग असल्याने भांडण ओढवतो. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि तो घाणही फार करतो. दुसरा फायटर, मग तो नर असो वा मादी, कधीही नको.

‘टाकी साफ ठेवतो’ असे सांगून गळ्यात मारला जाणारा सकर मासा एक फुटाहून अधिक वाढतो. कंटाळून लोक तो नदीत किंवा तलावात सोडतात आणि त्याचे परिणाम उजनीच्या जलाशयातील मच्छीमार भोगत आहेत. टाकीतला कोणताही मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये.

मासे आणण्याचा क्रम

मधल्या थराचे मासे वगळता फायटर सर्वांत शेवटी यावा. तो आधी आला तर सगळी टाकी त्याच्या मालकीची होते आणि नंतर येणारा प्रत्येक जण घुसखोर ठरतो. आधी तळाचे मासे आणावेत, दोन आठवड्यांनी गोगलगाई आणि आणखी दोन आठवड्यांनी फायटर. प्रत्येक टप्प्यानंतर अमोनिया मोजावा. शक्य असल्यास नव्या माशांना दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून आजार नाही ना हे पाहावे, कारण मुख्य टाकीत औषध घालणे अवघड असते. तांबेयुक्त औषधांनी गोगलगाई आणि कोळंबी मरतात, आणि लोच व कोरीडोरस यांना मीठही सोसत नाही.

फायटर निवडताना बरणीजवळ बोट नेऊन पाहावे. जो बोटाकडे वळतो, पर पसरतो, ज्याचे डोळे स्वच्छ आहेत आणि अंगावर कापसासारखे ठिपके नाहीत, तो घ्यावा. लांब झुलत्या परांचा हाफमून देखणा असला तरी संथ असतो आणि कुरतडला जाण्याची भीती त्यालाच अधिक. आखूड परांचा प्लाकाट चपळ असतो, पण पाठलागही जोमाने करतो. पिशवी टाकीत २० मिनिटे तरंगत ठेवावी, मग अर्ध्या तासात थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. हे काम संध्याकाळी दिवा बंद करून करावे.

पहिल्या दिवशी फुगून दाखवणे आणि दोन-चार वेळा धावून जाणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतरही सततचा पाठलाग, फाटलेले पर किंवा खाण्यासाठीसुद्धा बाहेर न येणारा मासा दिसला, तर फायटरला ताबडतोब वेगळे करावे. त्यासाठी २० लिटरची दुसरी छोटी टाकी हाताशी असणे ही या सगळ्याची अट आहे. तिचा स्पंज मुख्य टाकीतच फिरत ठेवला की गरजेच्या वेळी तो तयार मिळतो. काही फायटर कोणालाच सहन करत नाहीत, आणि तसे दिसले तर त्याला एकटा ठेवणे हेच योग्य.

रोजचे आणि आठवड्याचे काम

फायटरला दिवसातून दोनदा तीन-चार दाणे पुरतात. त्याचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते असे धरून चालावे. आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेले आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्यावे आणि एक दिवस उपास ठेवावा. तळाच्या माशांची बुडणारी गोळी दिवा मालवल्यावर टाकावी, नाहीतर तीही फायटरच फस्त करतो आणि त्याचे पोट फुगते. दिवा सहा ते आठ तासांहून अधिक नको.

दर आठवड्याला १० ते १२ लिटर पाणी बदलावे आणि नवे पाणी हाताला टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट लागले पाहिजे. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास राहिले तर बदलाचे प्रमाण योग्य आहे असे समजावे.

गणपतीसाठी चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर निरोगी, प्रौढ माशांना खाद्याविना ठेवता येते. त्याहून अधिक दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊ नये. एका वेळेचे दाणे कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, प्रत्येकीवर तारीख घालून, एक दिवसाआड एक अशा बेताने द्यावेत आणि डबा कपाटात ठेवून जावे.